स्मार्ट मीटरचे रीडिंग ग्राहकाने स्वतः घेत राहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरोघरी स्मार्ट वीजमीटर बसू लागल्यापासून एक वाक्य वारंवार कानी पडते: 'आता रीडिंग घ्यायची कटकट संपली.' वीज कंपनीच्या बाजूने पाहिले तर ते खरे आहे, कारण दारोदार फिरून आकडे टिपणारा माणूस आता लागत नाही. ग्राहकाच्या बाजूने मात्र ते खरे नाही, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. नोकरीची सारी वर्षे मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना मापनयंत्रे वाचायला शिकवण्यात घालवली. यंत्रावर दिसलेला आकडा आधी वहीत उतरवायचा आणि आकडेमोड नंतर करायची, हा तिथला पहिला नियम. स्मार्ट मीटरच्या बाबतीत आपण नेमके उलटे करू लागलो आहोत. आकडेमोड होऊन आलेले बिल आपण पाहतो, मोबाइलवरचा रंगीत आलेख पाहतो, आणि हे सारे ज्या आकड्यावरून निघाले त्याच्याकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. मीटरच्या पडद्यावरचा आकडा ही मूळ नोंद आहे आणि बाकी सर्व त्या नोंदीच्या नकला आहेत. म्हणून महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ग्राहकाने तो स्वतः वाचून तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावा, एवढेच मला या पत्रातून सांगायचे आहे. हे करणे ऐकायला वाटते तितके सरळ नाही, त्यामुळे पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

स्मार्ट मीटर दोन वेगवेगळी कामे करतो आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे बहुतेक गैरसमज सुरू होतात. पहिले काम मोजण्याचे. घरात येणारा विद्युतदाब आणि प्रवाह तो अत्यंत थोड्या-थोड्या वेळाने तपासतो, त्यांच्या गुणाकारातून खर्च झालेली ऊर्जा काढतो आणि ती सतत वाढत जाणाऱ्या बेरजेच्या रूपात स्वतःच्या स्मृतीत साठवतो. वीज गेली तरी ही स्मृती पुसली जात नाही. दुसरे काम ती बेरीज कळवण्याचे. त्यासाठी कुठे मोबाइलचे जाळे वापरतात, कुठे एका मीटरकडून शेजारच्या मीटरकडे उड्या घेत जाणाऱ्या रेडिओलहरी, तर कुठे खुद्द विजेच्या ताराच. मीटर तळघरात असला, लोखंडी पेटीत कोंडलेला असला किंवा परिसरात मोबाइलचा सिग्नलच क्षीण असला, तर हे दुसरे काम अडखळते. ते अडखळले म्हणजे पहिले थांबले असे मात्र नव्हे. संपर्क तुटलेला मीटरही मोजत राहतो, ठरावीक मिनिटांच्या अंतराने केलेल्या नोंदी काही काळ धरून ठेवतो आणि संपर्क जुळल्यावर त्या पाठवून देतो. पण बिलाची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. आकडा वेळेत पोहोचला नाही, तर मागील वापरावरून अंदाज बांधून बिल काढले जाते, आणि ते बिल दिसायला खऱ्या बिलासारखेच असते. फरक एखाद्या शब्दाचा किंवा एखाद्या अक्षराचा असतो, तोही बहुधा कोपऱ्यात.

माझ्याबाबतीत हेच घडले. शेवटचे खरे रीडिंग ४२१० होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत १५० आणि पुन्हा १५० युनिटांचे बिल आले. रक्कम लागोपाठ सारखी आली याचे मला बरेच वाटले होते, हे कबूल करायला हवे. वास्तविक ज्या माणसाने आयुष्यभर 'दोन निरीक्षणे तंतोतंत सारखी आली तर आधी शंका घ्या' असे विद्यार्थ्यांना बजावले, त्याला तरी संशय यायला हवा होता. तिसऱ्या महिन्यात मीटरचा संपर्क जुळला, खरे रीडिंग ४८१२ पोहोचले आणि ४५१० हा अंदाजाचा आकडा त्यातून वजा होऊन ३०२ युनिटांचे बिल हाती आले. एकूण वापर ६०२ युनिटांचाच होता, त्यात काही खोटे नव्हते. पण जिथे वापर वाढेल तसा युनिटचा दरही टप्प्याटप्प्याने वाढतो, तिथे मागच्या महिन्यांचा उरलेला वापर एकाच महिन्याच्या खाती पडला की वरच्या टप्प्यातले दर लागतात, आणि ग्राहकाने न केलेल्या उधळपट्टीची किंमत त्याला मोजावी लागते.

मी तावातावाने मीटरपाशी गेलो, पडद्यावरचा आकडा लिहून घेतला आणि तक्रार केली की, बिलात ४८१२ छापले आहे, पण माझ्या मीटरवर ५२३६ दिसत आहे, तेव्हा बिल साफ चुकीचे आहे. तक्रार घेणाऱ्या कर्मचाऱ्याने शांतपणे विचारले, "आकड्याच्या बाजूला काय लिहिले आहे?" मी पुन्हा जाऊन पाहिले. तिथे केडब्ल्यूएच नव्हते, केव्हीएएच होते. पडदा बदलत होता आणि मी घाईने दुसऱ्याच राशीचा आकडा टिपला होता. माझी तक्रार खरी ठरली असती, तर मला आणखी ४२४ युनिटांचे पैसे भरावे लागले असते! पुढे मी नीट अर्ज केला आणि ६०२ युनिटांची तीन महिन्यांत समान वाटणी करून बिल दुरुस्त करून मिळाले. तरीही ती वाटणी खरी नव्हतीच, कारण मधल्या महिन्यात पंधरा दिवस घर बंद होते आणि तिसऱ्या महिन्यात पाहुण्यांनी भरलेले होते. कोणत्या महिन्यात किती वीज लागली हे सांगू शकेल असा एकही आकडा माझ्याजवळ लिहिलेला नव्हता. त्या दिवसापासून मीटरसाठी एक वही केली.

आता प्रत्यक्ष वाचनाविषयी. जुन्या मीटरमध्ये आकड्यांची एकच ओळ असे आणि शेवटचा, बहुधा लाल रंगातला, दशांशाचा आकडा सोडून द्यायचा एवढे कळले की काम भागे. स्मार्ट मीटरच्या एकाच छोट्या पडद्यावर दहा-वीस गोष्टी एकामागून एक येऊन जातात, आणि प्रत्येक गोष्ट जेमतेम काही सेकंद थांबते. तारीख येते, वेळ येते, मीटरचा क्रमांक येतो, दाब, प्रवाह, त्या क्षणीचा भार, महिन्यातली कमाल मागणी, आणि यांच्या गर्दीत कुठे तरी आपल्याला हवी असलेली एकूण युनिटे येतात. मध्येच पडद्यावर अंकांच्या सगळ्या जागी ८८८८८८ असा आकडा झळकतो. तो पाहून एक गृहस्थ घाबरल्याचे मी स्वतः पाहिले आहे, पण पडद्याचे सर्व भाग उजळतात की नाही हे मीटर त्यातून तपासून दाखवत असतो, त्या आकड्याचा वापराशी काही संबंध नसतो. बहुतेक मीटरांवर एक बटण असते. ते दाबत गेले की पडदे आपल्या सोयीने पुढे सरकवता येतात, आणि आपोआप सरकणाऱ्या पडद्यांमागे धावण्यापेक्षा ते बरे.

योग्य पडदा ओळखण्याची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे आकड्याशेजारचे एकक. घरगुती बिलातले 'युनिट' म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजे १००० वॉटचे उपकरण सलग एक तास चालल्यावर लागणारी ऊर्जा, आणि पडद्यावर ती केडब्ल्यूएच या अक्षरांनी दाखवतात. यातले एक अक्षर जरी बदलले तरी राशीच बदलते. शेवटचे एच नसेल तर तो आकडा ऊर्जेचा नसून त्या क्षणीच्या किंवा कमाल भाराचा आहे. मध्ये व्हीए असेल तर ती आभासी ऊर्जा आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामी न येता नुसती ये-जा करणारी वीजही धरून केलेला हिशेब, जिथे मी फसलो. आभासी ऊर्जा खऱ्या ऊर्जेएवढी किंवा तिच्याहून जास्तच असते, कमी कधीच नसते. म्हणून दोन जवळजवळचे आकडे दिसून गोंधळ झाला, तर युनिटांचा आकडा त्यांतला लहान, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

अनेक मीटर एककासोबत, पडद्याच्या एका कडेला, टिंबांनी जोडलेला तीन अंकी संकेतांकही दाखवतात. मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली ही पद्धत 'ओबिस' या नावाने ओळखली जाते, आणि ती एकदा समजून घेतली की परक्या घरचा, परक्या बनावटीचा मीटरसुद्धा वाचता येतो. पहिला अंक राशी सांगतो: १ म्हणजे बाहेरून घरात आलेली खरी ऊर्जा, २ म्हणजे घरातून बाहेर गेलेली, ९ म्हणजे आत आलेली आभासी. दुसरा अंक त्या राशीचे काय केले ते सांगतो: ८ म्हणजे सतत वाढणारी बेरीज, ७ म्हणजे या क्षणीची किंमत, ६ म्हणजे ठरावीक काळातली कमाल. तिसरा अंक दराच्या वेळेचा असतो, आणि तो ० असेल तर सर्व वेळांची मिळून एकूण. म्हणजे १.८.० हा आपला पडदा. मी ज्याला भुललो तो ९.८.० होता. १.७.० पाहिले तर घरात आत्ता किती भार चालू आहे ते कळते, आणि १.६.० ही कमाल मागणी आहे, जिचा युनिटांशी थेट संबंध नाही. शाळेत मूलद्रव्यांच्या संज्ञा पाठ केलेल्या मुलाला हे अवघड नाही, पण कोणी तरी सांगायला हवे. सगळेच मीटर हा संकेतांक दाखवतात असे नाही. ज्यांवर तो नसतो तिथे एककावर आणि बाजूच्या छोट्या खुणांवर भिस्त ठेवावी लागते.

ज्या घरांना दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळे दर लागतात, त्यांनी १.८.१, १.८.२ असे सर्व आकडे लिहून घ्यावेत, कारण एकूण बेरजेवरून बिल पडताळता येत नाही. या आकड्यांची बेरीज १.८.० इतकी यायला हवी आणि दशांशाचा किरकोळ फरक सोडला तर ती येते. आली नाही, तर बहुधा आपणच एखादा पडदा चुकवलेला असतो. अशा घरांनी मीटरवरची वेळही आपल्या घड्याळाशी ताडून पाहावी. मीटरचे घड्याळ पुढे-मागे झाले, तर स्वस्त वेळेत वापरलेली वीज महाग वेळेत नोंदली जाऊ शकते. छतावर सौर पॅनेल असलेल्यांना १.८.० आणि २.८.० हे दोन्ही आकडे लागतात. ते सोडून पॅनेलच्या इन्व्हर्टरवरचा आकडा टिपणारे पुष्कळ भेटतात. पण इन्व्हर्टर एकूण किती वीज तयार झाली ते सांगतो, आणि त्यातली घरातच खर्च झालेली वीज बाहेर जाणारी म्हणून मीटरला कधी दिसतच नाही. दोन्ही आकडे वेगळे येणार हे उघड आहे, आणि त्या फरकावरून भांडण्यात अर्थ नाही.

आकड्याच्या सुरुवातीची शून्ये आणि दशांशचिन्हानंतरचे अंक, यांबाबतही घोळ होतो. पडद्यावर ००४८१२.३७ असेल तर लिहायचे ४८१२. दशांशचिन्ह छोटे असते आणि ऊन पडले की दिसत नाही. ते निसटले, तर ४८१२३७ असा आकडा कळवला जातो आणि मग पुढचा महिना पत्रव्यवहारात जातो. या पडद्यांचा आणखी एक स्वभाव असा की, ते समोरून पाहिले तरच नीट दिसतात. मीटर डोक्याच्या वर बसवलेला असला आणि आपण खालून पाहिले, तर अंकांचे भाग पुसट होतात किंवा नको ते भाग ठळक होतात. ८ चा ०, ६ चा ५ आणि ७ चा १ होतो. प्रयोगशाळेत काट्याच्या मापकासमोर विद्यार्थ्याला मान सरळ ठेवायला सांगायचो, तेच इथे. उंचावरच्या मीटरसाठी डुगडुगत्या स्टुलावर चढण्यापेक्षा मोबाइल हातात उंच धरून, फ्लॅश बंद ठेवून छायाचित्र घ्यावे. फ्लॅशचा उजेड काचेवरून परत येतो आणि नेमका आकडाच झाकतो. छायाचित्रात मीटरवर छापलेला क्रमांक आणि पडद्यावरचा आकडा, एककासह, एकाच चौकटीत यायला हवेत. नुसत्या आकड्याच्या छायाचित्रावरून तो कोणत्या मीटरचा, हे पुढे सिद्ध करता येत नाही. मीटरचे सील, झाकण, वायरी यांना हात लावण्याची गरज वाचनासाठी कधीच पडत नाही, आणि लावूही नये.

मीटरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे निदान एकदा तरी पाहावे, विशेषतः जिथे एका भिंतीवर वीस-पंचवीस मीटर ओळीने लावलेले असतात तिथे. क्रमांक जुळला म्हणजे त्या मीटरमधून येणारी तार आपल्याच घरात जाते, असे मात्र सिद्ध होत नाही. ते पाहण्याचा उपाय सोपा आहे. घरातला मेन स्विच बंद करायचा, कोणाला तरी घरात थांबवायचे आणि आपण मीटरसमोर उभे राहायचे. मीटरवर एक छोटा दिवा असतो, तो वापराच्या प्रमाणात लुकलुकतो. मेन स्विच बंद झाल्यावर त्याने लुकलुकणे थांबवले पाहिजे. मग तो काही मीटरांत विझलेला राहतो, काहींत सतत पेटलेला. तो लुकलुकतच राहिला, तर एक तर मीटर आणि स्विच यांच्या मध्ये कुठे तरी वीज झिरपते आहे किंवा शेजाऱ्याचा भार आपल्या मीटरवर आहे. अशा वेळी स्वतः शोध न घेता लेखी तक्रार करावी.

हा दिवा म्हणजे स्मार्ट मीटरमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट. जुन्या मीटरची चकती फिरताना दिसायची, आणि 'मीटर पळतो आहे' हा शब्दप्रयोग तिच्यामुळेच रूढ झाला. चकती गेली, पण तिचे काम हा दिवा करतो. मीटरच्या दर्शनी पट्टीवर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकणार ते छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. घरातली बाकी सर्व उपकरणे बंद करून १००० वॉटचा एकच हीटर लावला, तर अशा मीटरचा दिवा तासाला ३२०० वेळा, म्हणजे मिनिटाला सुमारे ५३ वेळा लुकलुकला पाहिजे, आणि अकरा लुकलुकींमधली दहा अंतरे मोजली तर सव्वाअकरा सेकंद लागले पाहिजेत. एक अंतर मोजण्यापेक्षा दहा किंवा वीस मोजून भागावे, म्हणजे घड्याळ दाबताना झालेली चूक विभागली जाते. फ्रिज बंद करायला विसरणे ही या प्रयोगातली नेहमीची चूक. मात्र हीटरवर १००० वॉट लिहिले आहे म्हणून तो तेवढीच वीज घेईल असे धरू नये. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे दाब १० टक्क्यांनी कमी असेल तर शक्ती १९ टक्क्यांनी कमी होते आणि दिवाही तितकाच मंद चालतो. म्हणून प्रयोग करताना मीटरच्याच पडद्यावरून दाब पाहून घ्यावा. 'मीटर जोरात पळतो' अशी तक्रार घेऊन आलेल्या एका स्नेह्याकडे मी हा प्रयोग केला, तेव्हा मीटर अगदी ठीक निघाला आणि दिवसरात्र चालू राहणारा गीझर सापडला. ते स्नेही अजून माझ्यावर थोडे नाराज आहेत.

वहीतला आकडा बिलाशी ताडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्मार्ट मीटरचे बिलाचे रीडिंग बहुधा ठरलेली तारीख सुरू होताच, मध्यरात्री, आपोआप गोठवले जाते, आणि आपण ते वाचतो सकाळी किंवा संध्याकाळी. बिलावर १ तारखेचे रीडिंग ४८१२ आहे आणि त्याच संध्याकाळी सात वाजता मीटर ४८१८ दाखवतो, तर रोजचा वापर आठ-नऊ युनिटांचा असलेल्या घरात हा सहाचा फरक यायलाच हवा, आणि तो आला नसता तरच विचारात पडण्यासारखे होते. उलट आपण संध्याकाळी वाचलेला आकडा त्याच दिवशीच्या मध्यरात्रीच्या बिलातल्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर तो फरक एका युनिटाचा असला तरी खुलासा मागावा, कारण पुढे गेलेली बेरीज मागे येत नाही. बिलातले रीडिंग मीटरच्या पुढे धावते आहे, याचा अर्थ ते अंदाजाने लिहिलेले आहे. मोबाइलवरच्या ॲपमधला आकडा अनेकदा एक दिवस मागे असतो, आणि घरात ठेवायच्या छोट्या वेगळ्या पडद्यावर तर रीडिंग नसून आज किती रुपयांची वीज लागली याचा हिशेब असतो. तो उपयोगाचा आहे, पण तक्रारीत पुरावा म्हणून द्यायचा तो आकडा नव्हे. अचूकतेबद्दलही अवाजवी अपेक्षा नको. घरगुती मीटरांत सर्रास आढळणारा अचूकतेचा वर्ग १ म्हणजे १ टक्क्यापर्यंतची त्रुटी मान्य. ३०० युनिटांमागे तीन युनिटे इकडे-तिकडे झाली म्हणून मीटर सदोष ठरत नाही.

दर महिन्याची नोंद राहून गेली तरी चालेल, पण काही प्रसंगी रीडिंग घेतलेच पाहिजे. घर भाड्याने घेताना आणि सोडताना, दर बदलतात त्या दिवशी, बिलावर अंदाजाची खूण दिसताच, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवतात तेव्हा. जुना मीटर एकदा गाडीत पडला की त्याच्यावरचा शेवटचा आकडा ग्राहकाला पुन्हा दिसत नाही. तो काढण्यापूर्वी त्याचे, आणि नवा बसवल्याबरोबर त्याचे, अशी दोन्ही छायाचित्रे घ्यावीत आणि बदलीच्या कागदावर तेच आकडे लिहिले आहेत हे पाहूनच सही करावी. नव्या मीटरची सुरुवात शून्यापासूनच असेल असे नाही, कारखान्यातल्या चाचणीची थोडी युनिटे त्यावर आधीच असू शकतात. त्या दहा मिनिटांत आपण बहुधा कर्मचाऱ्यांना पाणी विचारण्यात आणि वीज कधी येईल हे विचारण्यात गुंतलेले असतो.

ग्राहकाला मीटर वाचता येणे ही गोष्ट विजेच्या इतिहासात आपोआप आलेली नाही. १८८० च्या दशकात एडिसनने ग्राहकांकडे जे मीटर बसवले, त्यांत रसायनाच्या बरणीत जस्ताच्या पट्ट्या असत. विजेचा ठरावीक अंश त्यांतून जाई, एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर चढे, आणि कंपनीची माणसे ठरावीक काळाने पट्ट्या नेऊन त्यांचे वजन करीत व त्यावरून बिल काढीत. मापन म्हणून ती पद्धत वाईट नव्हती, पण ग्राहकाला त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. वजन काट्यावर, काटा कंपनीचा. हंगेरीचे ओट्टो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहासाठी प्रवर्तन मीटर, म्हणजे चुंबकीय प्रभावाने चकती फिरवणारा मीटर, साकारला, आणि त्या कुळातले फिरत्या चकतीचे, दर्शनी आकड्यांचे मीटर पुढे शंभर वर्षे घराघरांत राहिले. त्यांच्यामुळे बिल काढणारा आणि भरणारा एकाच आकड्याकडे पाहू लागले. स्मार्ट मीटरने हा आकडा काढून घेतलेला नाही, तो पडद्यावर आहेच. पण वीस पडद्यांच्या रांगेत त्याला उभा करून, आणि त्याची ओळख कोणालाच न सांगून, आपण पुन्हा त्या जस्ताच्या बरणीच्या दिशेने थोडे सरकलो आहोत असे मला वाटते.

यात वीज कंपन्यांना फार खर्च न करता बरेच करता येण्यासारखे आहे. बिलावर चालू रीडिंग ठळक छापावे, त्याच्याशेजारी ते कोणत्या तारखेचे आणि कोणत्या वेळेचे, मीटरवर ते कोणत्या संकेतांकाखाली दिसेल, आणि ते प्रत्यक्ष घेतलेले आहे की अंदाजाचे, हे अक्षरांत लिहावे, एकाक्षरी खुणेत नव्हे. मीटरशेजारी हाताच्या पंजाएवढी एक पट्टी चिकटवून तिच्यावर पडद्यांचा क्रम मराठीत छापावा. जे मीटर पडद्यांचा क्रम बदलू देतात, त्यांत एकूण युनिटांचा पडदा पहिला ठेवावा आणि तो इतरांपेक्षा जास्त वेळ थांबावा. संपर्क तुटलेल्या मीटरच्या बाबतीत अंदाज बांधण्यापूर्वी ग्राहकाला संदेश पाठवून त्याच्याकडून रीडिंग आणि छायाचित्र मागवावे, आणि त्याने ठरलेल्या मुदतीत ते दिले तर अंदाजाऐवजी तेच धरावे. मीटरची खरी बेरीज पुढे केव्हा तरी पोहोचणारच असते, त्यामुळे ग्राहकाने खोटा आकडा कळवला तरी तो त्याला पचणारा नाही, मग विश्वास ठेवायला हरकत कसली?

आपल्या दैनिकाने शक्य झाल्यास एखाद्या रविवारी वेगवेगळ्या बनावटींच्या मीटरांच्या पडद्यांची छायाचित्रे संकेतांकांच्या अर्थासह छापावीत, अशी विनंती आहे. कात्रण मीटरच्या पेटीत आतून चिकटवता येईल अशा आकाराचे असले, तर माझ्यासारख्यांची मोठीच सोय होईल.

कळावे,

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा शिक्षक